इंग्रजी वाचनाचे आंतरक्रियात्मक डिजिटल साहित्य: विद्यार्थ्यांच्या मतावरून नेमके काय कळते?

प्रश्न: संशोधक विद्यार्थिनी

नमस्कार. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी मी लघुशोधप्रबंध लिहीत आहे. इंग्रजी वाचन शिकताना वापरल्या जाणाऱ्या आंतरक्रियात्मक डिजिटल साहित्याविषयी माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची मते, असा माझा विषय आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा विद्यार्थ्यांपुरताच हा अभ्यास मर्यादित आहे. साहित्य म्हणजे पडद्यावर उमटवलेले पाठ्यपुस्तक मला अभिप्रेत नाही. शब्दावर बोट ठेवले की अर्थ आणि उच्चार मिळतो, ध्वनिमुद्रित वाचन चालू असताना त्या त्या शब्दावरून रंगीत पट्टी सरकत जाते, परिच्छेद संपल्यावर प्रश्न समोर येतो आणि उत्तर बरोबर आहे की चूक हे लगेच कळते, अशा प्रकारचे उतारे मी वापरत आहे.

मुख्य सर्वेक्षणापूर्वी एका लहान गटाकडून प्रश्नावली भरून घेतली. ‘हे साहित्य मला आवडते’, ‘यामुळे माझे इंग्रजी वाचन सुधारते’, ‘असे साहित्य वर्गात नेहमी वापरावे’ या विधानांपुढे जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्णपणे सहमत’ अशी खूण केली. निष्कर्ष लिहायला हे सोयीचे आहे, परंतु माझे समाधान होत नाही, कारण ज्यांना उतारा वाचून त्यातील मुख्य मुद्दा सांगता येत नव्हता त्या विद्यार्थ्यांनीही आपले वाचन सुधारल्याचे तितक्याच ठामपणे नोंदवले आहे. विद्यार्थ्यांचे मत हा उपयुक्ततेचा पुरावा मानता येईल का, आणि मानता येत नसेल तर मते विचारण्यात अर्थ तरी काय उरतो, हा माझ्यापुढील प्रश्न आहे. या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: मापन व मूल्यमापनाचे अध्यापक

आपल्याला पडलेला प्रश्न योग्य आहे आणि तो प्रबंध पूर्ण होण्याआधी पडला हे उत्तम झाले. ‘आवडते’, ‘उपयुक्त वाटते’ आणि ‘शिकलो’ या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रश्नावलीत त्या एकाच श्रेणीवर एकापाठोपाठ विचारल्या गेल्यामुळे एकमेकींत मिसळल्या आहेत.

अशा सर्वेक्षणांची विधाने बहुधा फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान स्वीकाराच्या प्रारूपावरून घेतलेली असतात. एखादे साधन उपयोगी पडेल असे माणसाला किती वाटते आणि ते वापरायला किती सोपे वाटते, या दोन गोष्टींवरून तो ते वापरेल की नाही याचा अंदाज बांधणे हा त्या प्रारूपाचा हेतू होता. म्हणजे ते वापराविषयी सांगते, अध्ययनाविषयी नव्हे. कार्यालयातील संगणक प्रणाली कर्मचारी स्वीकारतील का, हे शोधण्यासाठी तयार झालेली चौकट वाचनाच्या वर्गात आणली की ‘उपयोगी वाटते’ या उत्तराला ‘उपयोग झाला’ असा अर्थ नकळत चिकटतो. मला वाटते, या विषयावरील पुष्कळ प्रबंधांचे निष्कर्ष इथेच सैल पडतात.

विद्यार्थ्याला स्वतःच्या आकलनाचा अंदाज कितपत अचूक घेता येतो, यावर बरेच काम झालेले आहे. लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी डिजिटल वाचनाला पसंती दिली आणि पडद्यावर आपल्याला अधिक चांगले समजते असेही सांगितले. प्रत्यक्षात मुख्य कल्पना सांगण्यात दोन्ही माध्यमांत फरक दिसला नाही, पण महत्त्वाचे मुद्दे आणि तपशील छापील मजकूर वाचल्यावर अधिक आठवले. राकेफेट ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांचा २०११ चा प्रयोग तर आपल्या कामाच्या फारच जवळचा आहे. वाचनाची वेळ ठरवून दिली तेव्हा कागद आणि पडदा यांत गुणांचा फरक पडला नाही. किती वेळ वाचायचे हे वाचकावर सोपवले तेव्हा मात्र पडद्यावर वाचणाऱ्यांना कमी गुण मिळाले आणि आपल्याला किती समजले याचा त्यांचा अंदाजही अधिक फुगलेला निघाला. दोष पडद्यावरच्या अक्षरांचा नव्हता. ‘आता समजले, पुरे’ हा निर्णय वाचक लवकर घेत होते.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेवावी. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवरील २०१९ च्या अभ्यासात सक्रिय पद्धतीने शिकलेल्यांना चाचणीत अधिक यश मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले, कारण स्वतः विचार करण्याचे श्रम पडले की शिकणे अडखळत चालल्यासारखे भासते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलेली गोष्टही याच जातीची आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो लक्षात राहील याची खात्री जास्त होती, पण एका आठवड्यानंतर अधिक आठवले ते वाचून झाल्यावर आठवण्याची चाचणी दिलेल्यांना. यावरून आपल्या साहित्याबद्दल एक शंका घ्यायला जागा आहे. बोट लावताच अर्थ मिळणे आणि आवाजाबरोबर पट्टी सरकत जाणे यांमुळे वाचन गुळगुळीत होते, आणि तो गुळगुळीतपणाच विद्यार्थी प्रगती म्हणून नोंदवत असतील.

म्हणून मताला पुरावा मानावे, पण कशाचा, ते आधी ठरवावे. विद्यार्थ्याला काय अनुभव आला, तो कुठे थांबला, कशाचा कंटाळा आला, पुढे स्वतःहून वापरेल का, या बाबतींत त्याचे मत हाच सर्वांत जवळचा पुरावा आहे. आकलन किती वाढले, यासाठी चाचणीच घ्यावी लागते.

एक तांत्रिक बाब. सगळी विधाने स्तुतीच्या दिशेने लिहिलेली असली की होकार देत जाण्याची सवय उत्तरांत उतरते, आणि त्यामुळे क्रॉनबाखचा अल्फा गुणांक, म्हणजे विधानांना मिळालेली उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा आकडा, हाही चांगला येऊ शकतो. तो आकडा पाहून प्रश्नावली ठीक आहे असे समजू नये. उत्तरे परस्परांशी सुसंगत असणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे.

उत्तर: माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे शिक्षक

सरांनी मापनाची बाजू स्पष्ट केली आहे. मला वर्गातून दिसणारी बाजू मांडायची आहे, आणि एका मुद्द्यावर माझे त्यांच्याशी मतभेदही आहेत.

ताई, आपल्या प्रश्नावलीत ‘इंग्रजी वाचन’ ही एकच वस्तू असल्यासारखी विधाने आहेत. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे जे साधे सूत्र मांडले, त्यानुसार छापील शब्द ओळखता येणे आणि भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचन-आकलन. गुणाकार म्हटल्यामुळे त्यातला एक घटक शून्याजवळ असेल तर दुसरा कितीही चांगला असून उपयोग होत नाही. इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही घटक एकाच वेळी कच्चे असतात. त्यात इंग्रजीचे स्पेलिंग. ओ-यू-जी-एच ही चारच अक्षरे ‘थ्रू’, ‘टफ’, ‘कॉफ’ आणि ‘दो’ या शब्दांत चार वेगवेगळे उच्चार देतात. युरोपातील अनेक लिपिव्यवस्थांची तुलना करणाऱ्या सेमूर आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात असे दिसले होते की, इंग्रजीत वाचनाचा पाया तयार होण्यास बहुतेक युरोपीय भाषांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. आणि ती मुले तर आपापल्या भाषाच वाचायला शिकत होती.

म्हणून जो विद्यार्थी शब्दच ओळखू शकत नाही त्याच्या दृष्टीने आवाज आणि सरकती पट्टी हे मोठे साहाय्य आहे, कारण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्याच्या डोळ्यांसमोर लागते. ज्याला शब्द सहज वाचता येतो पण अर्थ कळत नाही, त्याला तीच पट्टी कंटाळवाणी वाटते. त्याचा वेग यंत्र ठरवते आणि मागचे वाक्य पुन्हा पाहावेसे वाटले तरी आवाज पुढे निघून गेलेला असतो. या दोघांची मते एकत्र करून सरासरी काढली तर जो आकडा मिळतो तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे थोडे प्रकट वाचन ऐकावे आणि तो कोणत्या गटात मोडतो हे नोंदवून ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. याला वेळ लागतो, पण याच्याशिवाय आपली आकडेवारी मुकी राहील.

दुसरे असे की, साहित्याच्या प्रत्येक सोयीबद्दल स्वतंत्र विचारावे. शब्दार्थाची सोय घ्या. मजकूर विनासाहाय्य समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात, असे हू आणि नेशन यांच्या २००० मधील अभ्यासातून पुढे आले. शंभर शब्दांच्या परिच्छेदात दोनांहून अधिक शब्द अनोळखी असले की वाचक अडखळू लागतो. आपल्या विद्यार्थ्यांना त्याहून किती तरी अधिक शब्द अनोळखी असतात, त्यामुळे बोट लावताच अर्थ मिळणे त्यांना हवेसे वाटते यात नवल नाही. अर्थ कोणत्या रूपात दिला यानेही फरक पडतो. चून आणि प्लास यांनी १९९६ मध्ये जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत दाखवले होते की, ज्या शब्दांचा अर्थ मजकूर आणि चित्र अशा दोन्ही प्रकारे दिला होता ते शब्द, केवळ मजकुराने अर्थ दिलेल्या शब्दांपेक्षा, अधिक लक्षात राहिले. परंतु लहान मुलांच्या डिजिटल गोष्टींबाबतच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा टाकाच, स्वार्ट आणि बस यांनी २०१५ मध्ये घेतला, त्यात हलती चित्रे, संगीत आणि ध्वनी साहाय्यक ठरले, तर स्पर्श करण्याची ठिकाणे, खेळ आणि शब्दकोश यांनी लक्ष विचलित केले, असे निघाले. तिथली मुले आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ लहान होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ‘आंतरक्रियात्मक’ या एका नावाखाली साहाय्य करणाऱ्या आणि अडथळा आणणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी येऊ शकतात, एवढे त्यातून नक्की कळते.

आता मतभेदाचा मुद्दा. सरांच्या मांडणीतून असा ग्रह होऊ शकतो की, चाचणीतून सिद्ध झाल्याशिवाय विद्यार्थ्याच्या आवडीला मोल नाही. मला हे पटत नाही. वाचन हे पुष्कळ वाचल्याने सुधारते. इंग्रजी उतारा दिसला की जो विद्यार्थी मान खाली घालत होता, तो आता स्वतःहून दुसरा उतारा उघडत असेल, तर पहिल्या महिन्यातील चाचणीत काहीही दिसले नाही तरी ती घटना महत्त्वाची आहे. फक्त ती ‘आवडते’ या खुणेवरून ठरवू नये. तो न सांगता पुढचा उतारा उघडतो का, ते पाहावे.

उत्तर: महाविद्यालयीन विद्यार्थिनी

मी संशोधक नाही, परंतु असे साहित्य वापरून शिकलेली आहे, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहीत आहे.

या साहित्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ प्रश्नावलीत कोणी विचारत नाही. एखाद्या शब्दाचा उच्चार येत नसेल तर तो कोणालाही न कळता, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. वर्गात उभे राहून वाचताना चुकीचा उच्चार झाला आणि मुले हसली की पुढची ओळ दिसेनाशी होते. ती धास्ती नसल्यामुळे मी इंग्रजी वाचू लागले. ‘आवडते’ या उत्तरामागे माझ्यासारख्या अनेकांचे हे कारण असेल. याला वाचन सुधारणे म्हणायचे की नाही हे मला ठरवता येत नाही, पण याच्याशिवाय सुधारण्याची सुरुवात झाली नसती हे मी खात्रीने सांगू शकते.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. परिच्छेदाच्या मध्येच प्रश्न आला की गोष्टीचा धागा तुटतो आणि लक्ष उत्तर बरोबर येण्याकडे लागते. मग पुढचा परिच्छेद समजून घेण्यासाठी न वाचता उत्तर शोधण्यासाठी वाचला जातो. चार पर्याय असतील तर न वाचताही एकेक दाबून बरोबर उत्तर सापडते, आणि पडद्यावर शाबासकी येते. शब्दाचा अर्थ लगेच मिळतो तसा तो लगेच विसरलाही जातो. शिवाय छापील पानावर एखादी गोष्ट डावीकडे वर होती, असे आठवते. सरकत्या पडद्यावर ती कुठे होती ते आठवत नाही, आणि परत शोधताना पुष्कळ वेळ जातो.

प्रश्नावली कशी भरली जाते, हेही सांगते. ज्या शिक्षकांनी मेहनतीने साहित्य तयार केले त्यांच्यासमोरच ‘आवडले नाही’ असे लिहिणे विद्यार्थ्यांना अवघड जाते, कारण ते कृतघ्नपणाचे वाटते. ‘पूर्णपणे सहमत’ या खुणेत पुष्कळदा साहित्याविषयीचे मत कमी आणि शिक्षकांविषयीचा आदर अधिक असतो. मला जर कोणी ‘या उताऱ्यात तू कुठे थांबलीस, तिथे काय केलेस?’ असे विचारले असते, तर मी मोकळेपणाने सांगितले असते, कारण त्यात कोणाच्या कामाला नावे ठेवण्याचा प्रश्न येत नाही.

प्रतिसाद: संशोधक विद्यार्थिनी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. विशेषतः शेवटच्या उत्तरातील ‘कुठे थांबलीस’ हा प्रश्न मी प्रश्नावलीच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार करत आहे. दोन शंका मात्र उरतात. सगळी विधाने एकाच दिशेची असू नयेत म्हणून मी काही नकारात्मक विधाने घालावीत का? आणि छापील उताऱ्याशी तुलना करावी का, की त्यामुळे विषयच बदलेल?

उत्तर: मापन व मूल्यमापनाचे अध्यापक

नकारात्मक विधानांबाबत सावध राहावे. ‘या साहित्यामुळे माझे लक्ष विचलित होत नाही असे मला वाटत नाही’ अशा धाटणीचे वाक्य वाचताना मोठी माणसेही गोंधळतात, आणि मग मिळणारे उत्तर मताचे राहत नाही, वाक्य समजल्या न समजल्याचे राहते. त्याऐवजी निवड करायला लावणारे प्रश्न ठेवावेत. उदाहरणार्थ, ‘पुढच्या उताऱ्यात आवाज, शब्दार्थ आणि मधले प्रश्न यांपैकी एकच सोय ठेवता येणार असेल तर कोणती ठेवशील, आणि का?’ निवड करताना सगळ्यालाच होकार देता येत नाही. प्रश्नावली विद्यार्थ्यांना ज्या भाषेत सहज व्यक्त होता येते त्याच भाषेत असावी, तिच्यावर नाव नसावे आणि ती भरून घेणारी व्यक्ती त्यांना शिकवणारी नसावी. या तीन गोष्टी श्रेणीचे बिंदू पाच असावेत की सात, या चर्चेपेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत.

तुलनेबद्दल. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असा युक्तिवाद केला होता की, माध्यम हे शिकवणे पोहोचवणारे वाहन आहे आणि शिकण्यातील फरक पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे. नव्या माध्यमाने दिसणारा लाभ पुष्कळदा नवलाईचा असतो आणि काळाबरोबर ओसरतो. रॉबर्ट कोझमा यांनी पुढे त्याला विरोध केला आणि माध्यमाच्या क्षमता पद्धतीपासून अशा वेगळ्या काढता येत नाहीत, असे मांडले. हा वाद आपल्या प्रबंधात सुटणार नाही आणि सोडवण्याची गरजही नाही. मात्र नवलाईचा मुद्दा टाळता येणार नाही. तेच साहित्य काही आठवडे वापरल्यानंतर तेच प्रश्न पुन्हा विचारल्यास मत किती टिकले हे दिसेल, आणि एकदाच घेतलेल्या मतापेक्षा ते कितीतरी बोलके असेल.

छापील उताऱ्याशी तुलना करायचीच असेल तर उताऱ्याचा प्रकार काळजीपूर्वक निवडावा. डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा, म्हणजे १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचा, एकत्रित आढावा घेतला. त्यात माहितीपर मजकुराच्या आकलनात कागद सरस ठरला आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला, परंतु केवळ कथनात्मक मजकुराबाबत फरक आढळला नाही. म्हणजे आपण गोष्ट दिली की माहितीपर उतारा, यावर निष्कर्ष बदलू शकतो.

शिक्षक महोदयांनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. आवड मोलाची आहेच. माझे म्हणणे इतकेच की ती आकलनाच्या रकान्यात लिहू नये. आपण दोन्ही रकाने ठेवले तर एक साधी पण फार उपयोगी गोष्ट करता येईल. उतारा वाचून झाल्यावर, आकलनाचे प्रश्न दाखवण्याआधी, ‘दहापैकी किती प्रश्न बरोबर येतील असे वाटते?’ असे विचारावे आणि नंतर खरे गुण त्याच्याशेजारी मांडावेत. दोहोंतील अंतर हा विद्यार्थ्याच्या स्वतःविषयीच्या जाणिवेचा मापदंड होईल, आणि ते अंतर कोणत्या सोयीबरोबर वाढते किंवा घटते हे पाहता आले तर आपल्या प्रबंधाला सांगण्यासारखे काही नवे मिळेल.

उत्तर: माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे शिक्षक

त्यात एवढीच भर घालतो. साहित्य ज्या प्रणालीत तयार केले आहे तिच्यात वापराची नोंद राहत असेल, तर कोणत्या शब्दावर बोट लागले, आवाज कुठे पुन्हा लावला, प्रश्नाचे उत्तर कितव्या प्रयत्नात बरोबर आले हे पाहावे. मात्र तशी नोंद ठेवली जाणार असल्याचे विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. नंतर तीच नोंद विद्यार्थ्यासमोर ठेवून, त्याच दिवशी, ‘इथे तू हा शब्द तीनदा ऐकलास, तेव्हा काय चालले होते?’ असे विचारावे. आठवडाभराने विचारल्यास तो काहीतरी पटण्यासारखे कारण रचून सांगेल. त्याच दिवशी त्याला खरे आठवत असते. अशा मुलाखती सर्वांच्या घेणे शक्य नाही, तेव्हा शब्द ओळखण्यात अडखळणारे आणि शब्द ओळखूनही अर्थापाशी अडणारे अशा दोन्ही गटांतून थोडे विद्यार्थी निवडावेत.

प्रतिसाद: संशोधक विद्यार्थिनी

छापील उताऱ्याशी तुलना मी वगळत आहे, कारण माझ्या मुदतीत ती नीट होणार नाही. माहितीपर उतारेच घेईन, सुरुवातीला प्रकट वाचन ऐकून गट पाडेन, प्रत्येक सोयीबद्दल निवडीचा प्रश्न ठेवेन आणि गुणांचा अंदाज व प्रत्यक्ष गुण शेजारी नोंदवेन. ‘यामुळे माझे इंग्रजी वाचन सुधारते’ हे विधान काढून टाकले आहे. सुधारित प्रश्नावली मार्गदर्शकांनी पाहिल्यानंतर इथे ठेवेन. तिच्यातील प्रश्नांची भाषा विद्यार्थ्यांना समजेल अशी आहे का, हे विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थिनीने पाहावे अशी विनंती आहे.